ट्रेंड सहा वाजता

(दृश्य: पुणे, नवी पेठ. अभ्यासिकेचा अरुंद जिना, पायरीपायरीवर चपला. आत खुर्चीला खुर्ची लागलेली.)

आवाज फक्त पंख्यांचा. टेबलावर राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक, पाण्याची बाटली, कानात घालायचे बोळे आणि पालथा ठेवलेला फोन. फोन पालथा ठेवायचा, हा इथला न लिहिलेला नियम. पावणेसहा वाजले की एकेक फोन सुलटा व्हायला लागतो. कुणी उठत नाही, कुणी बोलत नाही. अंगठे तेवढे चालू होतात.

सहा वाजता ट्रेंड आहे. म्हणजे एक्सवर, पूर्वीच्या ट्विटरवर, सगळ्यांनी एकाच वेळी एकच हॅशटॅग टाकून तो चर्चेच्या यादीत चढवायचा.

(दृश्य: शास्त्री रस्ता वरून. क्लासच्या पाट्या, मेसच्या पाट्या, 'कॉट बेसिसवर जागा', म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, असं लिहिलेले कागद.)

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता हा पट्टा स्पर्धा परीक्षेवर जगतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडून आलेली मुलं इथं तीन तीन, पाच पाच वर्षं काढतात. महाविद्यालय सुटलेलं असतं, नोकरी लागलेली नसते. म्हणजे विद्यार्थी संघटनेत नाव नाही आणि कामगार संघटनेत तर नाहीच. तसंही महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचाराच्या कारणानं बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं त्यांची पुन्हा तरतूद केली, पण तारखा पुढे जात राहिल्या. त्यामुळे आज पंचविशीत असलेल्या मुलानं वर्गप्रतिनिधी म्हणून उभं राहून दाराशी मतं मागितलेली नाहीत. अर्ज, प्रचार, मतमोजणी, हरणं यातलं त्यानं काहीच केलेलं नाही. राजकारणाचा पहिला धडा त्यानं गिरवला तो टेलिग्रामवर.

(दृश्य: फोनचा पडदा जवळून. चॅनेलची यादी सरकते आहे.)

टेलिग्रामच का? व्हॉट्सॲपच्या ग्रुपात १,०२४ माणसं मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपात दोन लाख, आणि चॅनेलला तर मर्यादाच नाही. व्हॉट्सॲपवर नंबर सगळ्यांसमोर उघडा पडतो, म्हणून अनोळखी ग्रुपात राहायला मुली तयार नसतात. टेलिग्रामवर तो झाकता येतो. आज आलेल्या मुलाला सहा महिन्यांपूर्वीच्या नोट्स वर सरकवून सापडतात, दोन जीबीपर्यंतची फाइल एका फटक्यात जाते. हे सगळं आंदोलनासाठी कुणी निवडलेलं नाही. नोट्ससाठी निवडलं, सरावाच्या प्रश्नांसाठी निवडलं. आंदोलन मागून आलं आणि तयार घरात शिरलं.

रोज सकाळी ज्या पोलमध्ये 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' असं विचारतात, त्याच पोलमध्ये एक दिवस प्रश्न येतो: परीक्षा पुढे जावी का? पर्याय तीन. हो, नाही, तटस्थ.

इथं पहिली गफलत होते. टेलिग्रामचा पोल दुसऱ्या चॅनेलवर फॉरवर्ड केला तरी मतं एकाच पेटीत पडतात. पोल काढला राज्यसेवावाल्यांनी आणि तो जाऊन पडला बँकेची तयारी करणाऱ्यांच्या चॅनेलवर, तर तासाभरात आकडा फिरतो. मग 'बहुसंख्य विद्यार्थ्यांची मागणी' म्हणून जो स्क्रीनशॉट वर जातो, तो नक्की कुणाचा हे ॲडमिनलाही सांगता येत नाही. जाणते ॲडमिन म्हणून पोल आधी ग्रुपात काढतात, फॉरवर्ड बंद ठेवतात आणि मुदत घालतात.

आता ॲडमिनविषयी. मोठी चॅनेलं बहुतेक क्लासची, नाहीतर टेस्ट सिरीज विकणाऱ्यांची. परीक्षा पुढे गेली की आणखी एक बॅच निघते, आणखी एक टेस्ट सिरीज खपते. सगळेच त्या हिशेबानं वागतात असं नाही. पण कुठल्या मागणीला हवा द्यायची आणि कुठली मागणी नोट्सच्या ढिगाखाली जाऊ द्यायची, हे मेसेज माथ्यावर पिन करणाऱ्या बोटावर असतं. ते बोट कुणी निवडून दिलेलं नाही.

(दृश्य: वहीचं पान. पेनानं खोडलेले सात-आठ हॅशटॅग, एकाला गोल.)

ट्रेंडची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. आंदोलनाच्या समितीत आठ-दहा जण. पहिलं काम टॅग ठरवण्याचं.

टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, आडवी रेघ चालत नाही, दंड चालत नाही. जिथं यातलं काही आलं तिथं टॅग तुटतो आणि निळा रंग अर्ध्यातच संपतो. शब्द जोडायचेच असतील तर खालची रेघ वापरायची. नुसते आकडे टॅग होत नाहीत, सोबत एखादं अक्षर लागतं. पण खरा घोटाळा शुद्धलेखनाचा. 'परीक्षा' हा शब्द मराठीत जितके जण बरोबर लिहितात, जवळजवळ तितकेच 'परिक्षा' लिहितात. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे टॅग. ऱ्हस्वची मतं इकडे, दीर्घची तिकडे, आणि दोन्ही पडतात. शाळेत वेलांटीसाठी बसलेला मार इथं आठवतो. म्हणून अनुभवी समिती टॅग रोमन लिपीत घेते किंवा ज्यात वेलांटी-उकार चुकण्याची सोयच नाही असे शब्द शोधते. आणि टॅग हातानं टाइप करायचा नाही, पिन केलेल्या मेसेजमधून उचलायचा, हे तीन तीनदा सांगते.

दुसरं काम मजकुराचं. याला 'ट्विट बँक' म्हणतात; एक्स नाव होऊन काळ लोटला तरी ट्विटच. एका फाइलमध्ये शंभर-दीडशे तयार वाक्यं. मर्यादा २८० वर्णांची, पण मराठीला ती आखूड पडते. 'परीक्षा' डोळ्याला तीन अक्षरं दिसते, मोजणीत सात भरते: प, र, वेलांटी, क, हलन्त, ष, काना. जोडाक्षरांनी भरलेलं सरकारी मराठी त्यामुळे बसतच नाही. 'परीक्षा पुढे ढकलण्यात यावी अशी नम्र विनंती' यापेक्षा 'तारीख बदला' बरं. या मर्यादेनं मुलांच्या मागण्यांची भाषा सुधारली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

हेच तयार वाक्य हजार जणांनी जसंच्या तसं टाकलं की काम फसतं. एकाच खात्यावरून तेच वाक्य पुन्हा टाकलं तर एक्स ते घेतच नाही. वेगवेगळ्या खात्यांवरून एकच मजकूर आला तर तो चिकटवलेला माल समजून मागे ढकलला जातो, शोधात दिसत नाही. म्हणून फाइलच्या माथ्यावर लिहिलेलं असतं: पहिले दोन शब्द स्वतःचे घाला. किती जण घालतात? थोडे. बाकीचे फाइलमधला अनुक्रमांकसुद्धा उचलतात. '३७)' पासून सुरू होणारी पोस्ट दिसली की समजायचं, बँकेतून आली.

नेत्याला टॅग करायचं तर त्याच्या नावानं सुरुवात करायची नाही. पोस्ट @ या चिन्हानं सुरू झाली की ती उत्तर समजली जाते आणि सगळ्यांपुढे जात नाही. नाव शेवटी ठेवायचं. एका पोस्टमध्ये टॅग एक, फार तर दोन. पाच टॅग लावणारा पाचही वाया घालवतो.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. पाच पंचावन्न. पडद्यावर 'टाइपिंग'ची टिंबं.)

तिसरं काम गुप्ततेचं, आणि ते सगळ्यांत अवघड. पेपर फुटतो तसा हॅशटॅगही फुटतो. एक्स ट्रेंड ठरवताना एकूण किती पोस्ट पडल्या यापेक्षा थोड्या वेळात किती झपाट्यानं वाढल्या याला जास्त वजन देतं. दिवसभर ठिबकत आलेला टॅग त्याला नेहमीचाच वाटतो. शून्यावरून एकदम उसळलेला टॅग त्याच्या नजरेत भरतो. कुणा उत्साही गड्यानं दुपारी बारालाच टॅग टाकला, त्याच्या मित्रांनी उचलला, चारपर्यंत हजार-दोन हजार पोस्ट पडल्या, की संध्याकाळची उसळी बसलीच. म्हणून टॅग पाच पंचावन्नला उघडतात. तोपर्यंत फाइलमध्ये टॅगच्या जागी नुसतं '#' असतं.

सहाच का? अभ्यासिकेतले मोकळे होतात, अर्धवेळ काम करणारे सुटतात आणि टीव्हीच्या संध्याकाळच्या बातम्यांना अजून अवकाश असतो. आयपीएलचा दिवस टाळायचा, यादी क्रिकेटनं भरलेली असते. मोठ्या नेत्याच्या वाढदिवशी तर अजिबात नको. त्या दिवशी यादीतल्या जागा आधीच गेलेल्या असतात आणि तिकडे अंगठे पगारी असतात.

सहा ते सव्वासहा पोस्ट. सव्वासहानंतर रिपोस्ट आणि उत्तरं. जोशात आलेली खाती मध्येच गोठतात. दिवसाला किती पोस्ट टाकता येतात याला मर्यादा आहे, त्यामुळे एकदम सुटलेला गडी तासाभरासाठी बाद होतो. आदल्या रात्री उघडलेली, फोटो नसलेली, एकही ओळखीचा फॉलोअर नसलेली खाती फारशी उपयोगी पडत नाहीत. ट्रेंडला जुनं, राबतं खातं लागतं, ज्यावरून कधीतरी पावसाविषयी, कधी आईच्या हातच्या भाकरीविषयीही लिहिलेलं आहे.

(दृश्य: पडद्यावर ट्रेंडची यादी. बोट स्क्रीनशॉट घेतं.)

आणि हा त्या दिवसाचा माल. ट्रेंड स्वतः तास-दोन तासांत उतरतो, स्क्रीनशॉट राहतो. तो पत्रकारांच्या ग्रुपात जातो, आमदारांच्या पीएकडे जातो, गावाकडे वडिलांच्या व्हॉट्सॲपवर जातो. कुठल्या जागेची यादी आहे हे त्यात दिसत नाही. मुंबईच्या यादीत तिसरा असलेला टॅग देशाच्या यादीत नसूही शकतो. ते कुणी विचारतही नाही.

(दृश्य: ११ मार्च २०२१. नवी पेठेत रस्त्यावर बसलेली मुलं, तोंडावर मास्क.)

पण प्रत्येक वेळी इतकी तयारी नसते. ११ मार्च २०२१, महाशिवरात्रीची सुटी. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर, १४ मार्चला. आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं पत्रक आलं: करोनामुळे परीक्षा पुढे ढकलली. ही काही पहिली वेळ नव्हती. त्या दिवशी टॅग नव्हता, ट्विट बँक नव्हती, समिती नव्हती. पत्रकाचा फोटो आणि खाली एक ओळ, रस्त्यावर या. पुण्यात रस्ता अडला, मग राज्यातल्या इतर शहरांत. संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना बोलावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख आली. रस्त्यावरून टेलिग्रामवर गेलेली मुलं असं आपण समजतो. इथं टेलिग्रामवरून रस्त्यावर आली.

(दृश्य: फेब्रुवारी २०२३. रात्रीचं आंदोलन, फोनचे दिवे. गर्दीत शरद पवार.)

२०२३ चं भांडण तारखेचं नव्हतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांऐवजी वर्णनात्मक होणार, यूपीएससीच्या धर्तीवर, आणि तीही त्याच वर्षापासून. मुलांचं म्हणणं, बदल करा पण २०२५ पासून. सगळ्यांचं नाही. वर्णनात्मकची तयारी आधीच सुरू केलेल्यांना तो लगेच हवा होता. एकाच मेसमध्ये, एकाच ताटाच्या रांगेत दोन टॅग चालू होते. रात्री शरद पवार आंदोलकांना भेटायला आले. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे त्या विषयावर बोलताना लोकसेवा आयोगाऐवजी निवडणूक आयोग म्हणून गेले, आणि काही सेकंदांची ती क्लिप मुलांच्या मागणीपेक्षा लांब पळाली. रीलचं हे असं आहे. मागणी समजावून सांगायला दीड मिनिट लागतं, चुकलेला शब्द तीन सेकंदांत संपतो. २३ फेब्रुवारीला आयोगानं नवी पद्धत २०२५ पासून लागू होईल असं जाहीर केलं.

(दृश्य: ऑगस्ट २०२४, शास्त्री रस्ता, मध्यरात्र. डांबरावर बसलेल्या रांगा. उभ्या फोनमधलं चित्रण, मागे आडव्या कॅमेऱ्यांच्या, टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅन.)

आणि मग २०२४. परीक्षा एप्रिलमधून जुलैत गेली, जुलैमधून २५ ऑगस्टला. नव्या आरक्षण कायद्यानुसार जाहिरात सुधारावी लागली होती. पण २५ ऑगस्टलाच आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, लिपिक पदाची परीक्षा. दोन्हीकडे फी भरलेली मुलं होती. शिवाय कृषी सेवेची २५८ पदं याच जाहिरातीत घ्या, ही मागणी होती. २०२१ मध्ये परीक्षा पुढे गेली म्हणून रस्ता अडवला होता, २०२४ मध्ये ती पुढे जावी म्हणून. यात विसंगती पाहणाऱ्यांनी मेसचं महिन्याचं बिल एकदा पाहावं.

या चित्रात एक गोष्ट नीट बघा. कडेला एक मुलगा उलट्या दिशेनं चालतोय. रस्त्यावर हजारो फोन एकाच टॉवरला लोंबकळतात तेव्हा नेटवर्कचे दांडे दिसतात, पण काही पुढे सरकत नाही. व्हिडिओ 'अपलोड होत आहे' वर अडकून बसतो आणि बॅटरी खातो. म्हणून कामाची वाटणी असते. चित्रण करणारे वेगळे, पाठवणारे वेगळे. पाठवणारा दोन गल्ल्या मागे अभ्यासिकेच्या वायफायवर. मधे धावणारा एक, खिशात दोन पॉवर बँक. क्लिप तीस सेकंदांच्या आतली, कारण लांब क्लिप जायला वेळ घेते आणि तोवर कुणीतरी आपली अर्धवट क्लिप चुकीच्या मथळ्यानं टाकून मोकळा होतो.

आणि बनावट पत्रकं. अशा रात्री निदान एक तरी फिरतंच: आयोगाचं बोधचिन्ह, ठळक 'प्रसिद्धिपत्रक', परीक्षा रद्द. ओळखायचं कसं? जाहिरात क्रमांक आणि परीक्षेचं पूर्ण नाव जुन्या पत्रकाशी ताडून पाहायचं. तारीख आणि सहीखालचं पदनाम बघायचं. फोटो असेल आणि कडा कापलेल्या असतील तर संशय घ्यायचा. शेवटी आयोगाच्या संकेतस्थळावर तीच पीडीएफ आहे का ते पाहायचं. नसेल तर ते पत्रक नाही. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण रात्री एकला, तीन दिवसांवर परीक्षा असताना, ती दोन मिनिटं कुणाकडे नसतात. ग्रुपात मग स्लो मोड लावतात. एकाला एक मेसेज, पुढचा काही मिनिटांनी. गोंगाट बसतो, खरं पत्रक वर राहतं.

शरद पवारांनी एक्सवरून सांगितलं, निर्णय झाला नाही तर आपण स्वतः आंदोलनात सहभागी होऊ. सरकारकडूनही आयोगाशी बोलणं झाल्याचं सांगण्यात आलं. २२ ऑगस्टला परीक्षा पुढे ढकलल्याचं आयोगानं जाहीर केलं.

(दृश्य: जल्लोष. आवाज मूळ चित्रणाचा. निवेदन नाही. वीस सेकंद.)

निर्णय तारखेचा झाला, कृषी पदांचा विषय मागे राहिला आणि काही मुलं रस्त्यावरच थांबली. रस्ता अडवल्याचा गुन्हा कुणावर नोंदला गेला, तर नोकरी लागताना साक्षांकन नमुन्यात तो लिहावा लागतो.

(दृश्य: वाकडेवाडी, एसटी स्थानक. मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या. पाठीवर सॅक घेतलेली मुलं.)

तीन महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेचं मतदान झालं. बुधवार होता. ज्या मुलांनी शास्त्री रस्त्यावर तिन्ही त्रिकाळ सरकार आणि विरोधकांना नाव घेऊन हाक मारली, त्यांतल्या बहुतेकांची नावं पुण्याच्या मतदार यादीत नाहीत. ती गावी आहेत, परभणीला, लातूरला, बुलढाण्याला. मत द्यायचं तर रात्रीची एसटी, सकाळी रांग, पुन्हा रात्रीची एसटी. अभ्यासाचे दोन दिवस आणि येण्याजाण्याचं भाडं.

नाव इकडे आणता येतं. त्यासाठी नमुना ८ आहे, ऑनलाइन भरता येतो, उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत दिला तर त्या मतदानाला चालतो. पत्त्याचा पुरावा लागतो. भाडेकरूसाठी यादीत आहे नोंदणी केलेला भाडेकरार. कॉट बेसिसवर राहणाऱ्याकडे करार नसतो, महिन्याची पावतीही नसते. डिपॉझिट रोख, बोलणं तोंडी. वीजबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. कागद नसेल तर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येऊन पडताळणी करू शकतो. तो येतो दिवसा. मुलगा तेव्हा अभ्यासिकेत, फोन पालथा.

म्हणून शास्त्री रस्त्याच्या आमदाराला या मुलांच्या ट्रेंडची जितकी दखल घ्यावी लागते, तितकी त्यांच्या मताची घ्यावी लागत नाही. आणि गावाकडच्या आमदाराला मत लागतं, पण अभ्यासिकेची फी, मेसची थाळी, दोन परीक्षांची एकच तारीख हे त्याच्या मतदारसंघातले प्रश्नच नाहीत. नमुना ८ साठी मात्र अजून कुणी टॅग काढलेला नाही.

(दृश्य: पुन्हा अभ्यासिका. रात्र. रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या.)

पुढे ढकललेली परीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली. ग्रुप बंद झाला नाही. सकाळचा सरावाचा प्रश्न आला, उत्तरतालिकेवरचे आक्षेप आले, अंदाजे कट ऑफचे पोल आले. वर पिन केलेल्या जागी ट्विट बँकेची जुनी फाइल अजून आहे. त्यात नवी वाक्यं भरणं सुरू आहे, टॅगच्या जागी '#'.